पित्तातील अम्ले : बैलापासून अस्वलापर्यंत

पित्त हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. उपवासाच्या दिवशी डोके दुखू लागले की म्हणावयाचे, पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठले, आणि त्यावर आमसुलाचे पाणी चोळावयाचे. धाकट्याने उलट उत्तर दिले की थोरल्याचे पित्त खवळले. ह्या तिन्ही पित्तांचा यकृतातून पाझरणाऱ्या खऱ्याखुऱ्या पित्तरसाशी फारसा संबंध नाही. ते पित्त पाहावयाचे असेल तर गोव्यात किंवा कारवारकडे मासळी साफ करणाऱ्या एखाद्या गृहिणीजवळ घटकाभर बसावे. पोट चिरल्यावर आतील हिरवट, इवलीशी पिशवी ती दोन बोटांनी अलगद काढून बाजूस टाकते. ती फुटली तर सगळा मासा कडू झालाच म्हणून समजावे. त्या पिशवीत जो कडू रस असतो, त्यातील अम्लांचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. वरवर पाहता विषय रुक्ष. पण ह्या कडू रसाने दोन नोबेल पारितोषिके मिळवून दिली आहेत, संधिवाताने खिळलेल्या रुग्णांस पुन्हा चालते केले आहे, आणि हजारो अस्वलांस पिंजऱ्यातही घातले आहे.

प्राचीनांचे पित्त निराळे होते हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आपल्या आयुर्वेदातील पित्त हा एक दोष आहे. पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे त्याचे पाच प्रकार मानले आहेत, आणि डोळ्यांच्या पाहण्यापासून त्वचेच्या कांतीपर्यंत त्याचा संचार सांगितला आहे. ग्रीकांनी तर पिवळे पित्त व काळे पित्त अशी दोन पित्ते कल्पिली. मनाच्या उदासपणास युरोपीय भाषांत जो 'मेलँकोली' हा शब्द आहे त्याचा मूळ अर्थ काळे पित्त असाच होतो. ह्या विचारपद्धतींस प्रयोगशाळेतील पित्तरसाच्या मापाने मोजणे योग्य होणार नाही. तरीही प्रत्यक्ष पित्ताचे निरीक्षण जुन्यांनी केले नव्हते असे नाही. घोडा व हरीण ह्यांना पित्ताशयच नसते हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे, आणि ते बरोबर आहे. यकृतातून पित्त त्यांच्याही आतड्यात उतरते. फक्त ते साठवून ठेवणारी पिशवी त्यांच्यापाशी नाही.

औषध म्हणून पित्ताचा उपयोगही पुरातन आहे. गाई-बैलांच्या पित्ताशयात सापडणारा पिवळा खडा, म्हणजे गोरोचन, आपल्याकडे टिळ्यासाठी जितके मानाचे तितकेच वैद्याच्या बटव्यातही मोलाचे. रसशास्त्राच्या ग्रंथांत मासा, मोर, रानडुक्कर, बोकड इत्यादी प्राण्यांच्या पित्ताच्या भावना देण्याचे विधान आढळते. चीनमध्ये अस्वलाचे पित्त सातव्या शतकातील तांग राजवटीच्या औषधिकोशात नोंदले गेले. तेथून ते जपानात गेले आणि 'कुमा-नो-इ' ह्या नावाने घरोघर पोटदुखीवर दिले जाऊ लागले. युरोपात वैद्यांपेक्षा कारागिरांनीच पित्ताची अधिक किंमत ओळखली. जलरंगाचा चित्रकार रंग कागदावर सारखा पसरावा म्हणून त्यात बैलाच्या पित्ताचा थेंब टाकी; पुस्तकबांधणी करणारा संगमरवरी नक्षीचा कागद काढताना तेच वापरी; लोकरीवरील तेलाचा डाग पित्ताच्या साबणाने जाई. तेल आणि पाणी ह्यांची सोयरीक जुळवून देण्याचा गुण पित्तात आहे, एवढे ह्या मंडळींस हाताच्या अनुभवाने ठाऊक होते. आपल्या रिठ्याचा जो धर्म, तोच पित्ताचा. मात्र हा धर्म पित्तातील कोणत्या द्रव्याचा, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

ह्या शोधाचा पाया हायडेलबर्ग येथे घातला गेला. शरीरशास्त्रज्ञ फ्रीडरिख टीडमान आणि रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन ह्या दोघांनी पचनक्रियेवर जोडीने प्रयोग केले. निमित्त होते पॅरिसच्या विज्ञान अकादमीने लावलेल्या एका बक्षिसाचे. अकादमीने त्यांना पूर्ण बक्षीस न देता इतरांबरोबर वाटून सन्मान देऊ केला, तेव्हा तो ह्या दोघांनी नाकारला, आणि १८२६-२७ च्या सुमारास आपला ग्रंथ स्वतंत्रपणे छापला. बैलाच्या पित्तातून ग्मेलिनने अनेक द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी एका स्फटिकरूप द्रव्यास पुढे बैलाच्या लॅटिन नावावरून 'टॉरीन' हे नाव पडले. आज तरुण मंडळी स्फूर्तिपेय म्हणून जे रंगीत डबे पितात त्यांच्यावर हेच नाव छापलेले असते. डब्यातील टॉरीन कारखान्यात कृत्रिम रीतीने होते, बैलाचा त्यात काही भाग नाही; नाव मात्र बैलाचे राहिले ते राहिलेच.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षे गोंधळाची गेली. फ्रान्सच्या थेनारने पित्तातील मुख्य द्रव्यास 'पिक्रोमेल' म्हणजे कडू मध असे नाव दिले होते. स्वीडनचा बर्झेलियस, ज्याचा शब्द त्या काळी रसायनशास्त्रात शेवटचा मानला जाई, तो म्हणे की पित्तात 'बिलिन' नावाचे एकच द्रव्य आहे आणि बाकीचे सारे ते कुजून झालेले. शेवटी १८४८ साली अडोल्फ श्ट्रेकर ह्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा गुंता सोडविला. बैलाच्या पित्तात मुख्यतः दोन जोडद्रव्ये आहेत. अल्कलीबरोबर उकळले असता एकाचे दोन तुकडे होतात, कोलिक अम्ल आणि ग्लायसीन. दुसऱ्याचेही दोन, तेच कोलिक अम्ल आणि टॉरीन. म्हणजे मूळ पुरुष एक आणि त्याच्या बायका दोन, असा हा संसार निघाला. गंमत अशी की ग्लायसीन हे नावच गोडीवरून पडलेले आहे. जगातील एका अत्यंत कडू द्रव्याच्या पोटात असा गोडवा बांधलेला असतो. श्ट्रेकरने कोलिक अम्लाचे सूत्रही ठरविले : कर्बाचे २४ अणू, हैड्रोजनचे ४० आणि ऑक्सिजनचे ५. हे सूत्र आजही तसेच आहे.

ह्याच सुमारास, १८४४ साली, माक्स फॉन पेटेनकोफरने पित्ताम्ले ओळखण्याची एक सोपी कसोटी शोधून काढली. द्रावणात थोडी साखर घालावी, तीव्र गंधकाम्ल सोडावे, आणि लालसर जांभळा रंग आला की पित्त आहे असे समजावे. हा पेटेनकोफर पुढे आरोग्यशास्त्राचा आचार्य झाला, आणि पटकी केवळ जंतूंनी होत नाही हे आपले मत सिद्ध करण्यासाठी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १८९२ साली, पटकीचे जिवंत जंतू प्याला. तो वाचला, पण त्याचे मत वाचले नाही. आतड्यातील जंतूंशी पित्ताचा खरा संबंध ओळखला तो इंग्लंडच्या मॅकॉन्कीने. पित्ताच्या क्षारांत आतड्याबाहेरचे बरेच जंतू तग धरीत नाहीत, आतड्यातले मात्र खुशाल वाढतात, हे पाहून त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी पित्तक्षार घातलेले जंतुपोषक माध्यम तयार केले. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे की काय हे पाहण्यासाठी आपल्याकडील प्रयोगशाळांत आजही ते वापरतात.

कोलिक अम्लाचे भाऊबंद मग एकामागून एक सापडू लागले. १८८६ साली म्यूलियसला कुजविलेल्या बैलाच्या पित्तात एक ऑक्सिजन कमी असलेले अम्ल मिळाले. ते डीऑक्सिकोलिक अम्ल. १९११ साली हान्स फिशरने गाईबैलांच्या पित्तखड्यांतून लिथोकोलिक अम्ल काढले. 'लिथो' म्हणजे दगड. आपल्या देवघरातील गोरोचन तेच हे. फिशरचे मुख्य लक्ष त्यातील पिवळ्या रंगद्रव्याकडे होते, अम्ल त्याला वाटेत सापडले. १९२४ साली एकच अम्ल दोघांना दोन ठिकाणी मिळाले : विंडाउस ह्यांना हंसजातीच्या पाळीव बदकात आणि वीलांट ह्यांना माणसात. विंडाउस ह्यांनी त्याला बदकाचे नाव दिले, वीलांट ह्यांनी माणसाचे. शास्त्राने बदकाचे नाव कायम केले. म्हणून ते आज 'कीनोडीऑक्सिकोलिक' अम्ल म्हणून ओळखले जाते, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या पोटात असते.

हाइनरिख वीलांट आणि अडोल्फ विंडाउस ही दोन नावे येथे जरा थांबून घेतली पाहिजेत. अम्लाचे सूत्र कळणे ही एक गोष्ट, आणि त्यातील चोवीस कर्ब एकमेकांस कसे जोडले आहेत हे कळणे ही दुसरी. गोणीत किती विटा आहेत हे मोजता येते. पण त्या विटांचा वाडा कसा उभा होता, हे गोणी पाहून सांगता येत नाही. त्या वेळी उपाय एकच होता : रेणूचा एकेक कोपरा तोडावयाचा, तुकडा ओळखावयाचा, आणि मागे राहिलेल्यावरून मूळच्याचा तर्क करावयाचा. वीलांट ह्यांनी १९१२ च्या सुमारास म्यूनिक येथे हे काम हाती घेतले आणि वीस वर्षे सोडले नाही. गॉटिंगेनचे विंडाउस तेच काम कोलेस्टेरॉलवर करीत होते. पित्तखड्यांतील ह्या मेणचट पदार्थास नाव देण्याचे काम शंभर वर्षांपूर्वीच फ्रान्सच्या शेव्रलने केले होते. १९१९ साली विंडाउस ह्यांनी कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लाचा मूळ सांगाडा मिळवून दाखविला, आणि दोन्ही घराणी एकाच कुळातील आहेत हे सिद्ध झाले. ह्या कामाबद्दल १९२७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वीलांट ह्यांना आणि १९२८ चे विंडाउस ह्यांना मिळाले. वीलांट ह्यांचे एक वर्ष राखून ठेवले होते, म्हणून दोघांचीही पारितोषिके १९२८ सालीच दिली गेली.

आणि तरीही त्यांनी रेखाटलेली रचना चूक होती!

हे मी उपहासाने सांगत नाही. काही कर्बाणूंची जागा आपल्याला निश्चित सांगता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते व ते त्यांनी लपविले नाही. चूक उघडकीस आली ती अनपेक्षित दाराने. १९३२ साली इंग्लंडमध्ये जे. डी. बर्नाल ह्यांनी क्ष-किरणांनी एर्गोस्टेरॉलच्या स्फटिकांचे माप घेतले. एर्गोस्टेरॉल ह्याच कुळातील. रेणू लांबट आणि चपटा निघाला. वीलांट-विंडाउस ह्यांच्या आकृतीप्रमाणे तो आखूड व जाड असावयास हवा होता. त्याच वर्षी लंडनचे रोझेनहाइम आणि किंग ह्यांनी नवी रचना सुचविली. ह्या द्रव्यांस सेलेनियमबरोबर तापविले असता चार कड्यांचे क्रायसीन मिळते, हा डील्स ह्यांचा जुना अनुभव त्यांना वाटाड्या झाला. आणि काही महिन्यांतच वीलांट ह्यांनी आपल्या सहकारी एलिझाबेथ डाने ह्यांच्यासह स्वतःची आकृती स्वतःच दुरुस्त करून प्रसिद्ध केली. सर्वोच्च सन्मान पदरी पडल्यावर चार वर्षांत, त्याच विषयातील आपली चूक आपल्या हाताने खोडणे किती जणांना जमेल? वीलांट ह्यांच्याविषयी मला वाटणारा आदर त्यांच्या पारितोषिकापेक्षा ह्या दुरुस्तीमुळे अधिक आहे. नाझी राजवटीत ह्याच गृहस्थांनी ज्यू रक्ताच्या विद्यार्थ्यांस आपल्या प्रयोगशाळेत आसरा दिला, आणि १९४४ साली त्यांपैकी एकावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यावयास न्यायालयात उभे राहिले. त्या विद्यार्थ्याचा जीव मात्र वाचला नाही.

तर ती खरी रचना कशी आहे? एकास एक चिकटलेली चार कडी. तीन षट्कोनी, एक पंचकोनी. आणि टोकाला पाच कर्बांची शेपटी, जिच्या अखेरीस अम्लाचा गट. पहिले कडे बाकीच्यांशी कोनात वळलेले असल्यामुळे सबंध रेणूस आपल्या गोल कौलासारखा बाक आला आहे. कोलिक अम्लात पाण्याची ओढ असलेले तीन गट आहेत, आणि ते तिन्ही कौलाच्या आतल्या, खोलगट बाजूस. पाठीकडची बाजू तेलकट. म्हणजे ह्या कौलाचे पोट पाण्याकडे आणि पाठ तुपाकडे. असे पुष्कळ रेणू एकत्र आले की ते स्निग्धाच्या कणाला पाठ लावून, पोट बाहेर करून त्याला वेढतात, आणि जेवणातील तूप-तेल आतड्यातील पाण्यात सूक्ष्म कणांनी मिसळून जाते. चित्रकाराच्या रंगात बैलाचे पित्त हेच करीत होते.

हा कारभार किती काटकसरीने चालतो ते पाहण्यासारखे आहे. आपल्या शरीरात एका वेळी सगळी मिळून दोन ते चार ग्रॅम पित्ताम्ले असतात. एवढ्यावर दिवसाकाठी खाल्लेल्या साऱ्या स्निग्धाचे पचन कसे व्हावे? तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतील शेकडा ९५ च्या आसपास परत शोषली जातात, रक्तावाटे यकृतात जातात आणि पुन्हा पित्तात उतरतात. अशा फेऱ्या दिवसातून सहा ते दहा होतात. जी थोडी मलावाटे जातात तेवढी यकृत कोलेस्टेरॉलपासून नवी घडविते. ही पाण्याच्या रहाटासारखी चाललेली फेरी १८७० साली मोरिट्झ शिफ ह्यांनी प्रयोगाने दाखविली. पुढे डॉक्टरांनी ह्यातून एक युक्ती काढली : आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवणारी राळ रोग्यास पोटात द्यावयाची. फेरी तुटते, नव्या अम्लांसाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. कोलेस्टिरामीन नावाच्या ह्या राळेने हृदयविकार कमी होतो, हे १९८४ साली अमेरिकेत सुमारे ३,८०० पुरुषांवरील दीर्घ पाहणीने दाखविले.

औषधांच्या इतिहासात पित्ताम्लांचा पहिला मोठा विक्रम मात्र पचनाशी संबंधित नव्हताच. अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसोन ह्या द्रव्याचा सांगाडा तोच चार कड्यांचा. महायुद्धात जर्मन वैमानिकांना ग्रंथींचा अर्क देतात अशी वदंता उठली आणि अमेरिकेत ते द्रव्य कृत्रिम रीतीने करण्याची धडपड सुरू झाली. कच्चा माल म्हणून खाटिकखान्यातील बैलांचे पित्त हाताशी होते. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनीतील लुईस सॅरेट ह्यांनी डीऑक्सिकोलिक अम्लापासून तीसहून अधिक पायऱ्या चढून कॉर्टिसोन मिळविले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस ते टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे वैद्यकाचे नोबेल केंडल, हेंच आणि राइखश्टाइन ह्यांना मिळाले. पण माल कोठून आणावयाचा? एका रुग्णाच्या एका दिवसाच्या मात्रेसाठी चाळीस जनावरांचे पित्त लागते, असा हिशोब त्या काळी सांगत. जगातील सारे संधिवाती बरे करावयाचे तर जगात तेवढे बैल नव्हते. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे ह्यांनी एका बुरशीकडून तीच अवघड पायरी एका दमात करवून घेतली, मेक्सिकोतील रानकंदाचा कच्चा माल त्यास जोडला, आणि बैल सुटले.

आता अस्वलाकडे वळू. १९०२ साली उप्सालाचे ओलोफ हामारस्टेन ह्यांना ग्रीनलंडहून आलेल्या स्वीडिश मोहिमेने ध्रुवीय अस्वलाचे पित्त आणून दिले, आणि त्यात त्यांना एक अपरिचित अम्ल दिसले. ते शुद्ध स्वरूपात हाती येण्यास १९२७ साल उजाडले. जपानात ओकायामा येथे प्रा. शिमिझु ह्यांच्या प्रयोगशाळेत शोदा ह्यांनी चीनमधून येणाऱ्या काळ्या अस्वलाच्या वाळलेल्या पित्तातून त्याचे स्फटिक काढले व त्यास 'उर्सोडीऑक्सिकोलिक' अम्ल असे नाव दिले. 'उर्सुस' म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. १९३६ साली इवासाकी ह्यांनी त्याची रचना ठरविली. ते बदकाच्या, म्हणजे आपल्याही, अम्लाचेच रूप आहे. फरक एवढाच की सातव्या कर्बावरील जलप्रिय गट कौलाच्या पोटाकडे नसून पाठीकडे वळला आहे. एवढ्याशा फरकाने अम्लाचा स्वभाव पालटतो. तेलकट पाठ खंडित झाल्यामुळे त्याचा साबणी तिखटपणा कमी होतो, आणि पेशींच्या पटलांस ते इजा करीत नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये कानाझावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बैलाच्या कोलिक अम्लापासूनच ते तयार करण्याची रीत बसविली, आणि १९५७ साली तोक्यो तानाबे कंपनीने त्याच्या गोळ्या बाजारात आणल्या.

पुढची पंधरा वर्षे जपानबाहेर त्या गोळ्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. १९७२ साली मेयो क्लिनिकमधून वार्ता आली की बदकाचे अम्ल पोटात घेतल्याने कोलेस्टेरॉलचे पित्तखडे विरघळतात. शस्त्र न लावता खडा जातो म्हटल्यावर केवढी आशा उत्पन्न झाली असेल! अमेरिकेत ९१६ रुग्णांवर मोठी पाहणी झाली. १९८१ साली निष्कर्ष आला तो असा, की मोठी मात्रा दोन वर्षे घेऊनही शेकडा १३-१४ जणांचेच खडे पूर्ण गेले. शिवाय जुलाब आणि यकृतावर ताण. अस्वलाचे अम्ल ह्या कामी सौम्य ठरले, हे जपानी वैद्यांनी १९७५ पासून दाखविले होते. तरी खडा विरघळावयास महिनोन्‌महिने लागत, आणि गोळी थांबविली की तो पुन्हा धरे. १९८५ नंतर दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आली आणि खड्यांपुरता हा अध्याय बहुतेक मिटला.

पण औषध संपले नाही. यकृतातील बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा एक चिवट विकार आहे. तो बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांस होतो. १९८७ साली पॅरिसच्या पूपाँ ह्यांनी त्या विकारात अस्वलाच्या अम्लाचा गुण दाखविला. १९९७ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि आजही त्या विकाराचे पहिले औषध तेच आहे. मात्र अधिक ते चांगले हा न्याय येथे लागू पडत नाही : पित्तनलिकांच्याच दुसऱ्या एका रोगात मोठी मात्रा देऊन पाहिली, तेव्हा रुग्णांचे हितापेक्षा अहितच अधिक झाले, असे २००९ साली दिसून आले.

१९९९ साली एकदम तीन प्रयोगशाळांनी दाखवून दिले की पेशींच्या केंद्रात पित्ताम्लांचा निरोप ऐकणारा एक ग्राहक रेणू असतो. ज्याला शंभर वर्षे साबण समजत होतो तो निरोप्याही निघाला. तेव्हापासून औषधांची नवी लाट उठली, आणि तिने यश-अपयश दोन्ही पाहिले. ह्या ग्राहकासाठी मुद्दाम घडविलेल्या ओबेटिकोलिक अम्लास २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२४ साली युरोपच्या औषध नियामकांनी त्याची मान्यता काढून घेण्याची शिफारस केली. अस्वलाच्या अम्लाची टॉरीनशी जोडी असलेले एक मिश्रण स्नायू क्षीण करणाऱ्या मज्जारोगावर २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले. मोठ्या चाचणीत ते निष्प्रभ ठरताच कंपनीने २०२४ साली ते मागे घेतले. उलट, जन्मतःच ज्या बालकांचे यकृत पित्ताम्ले घडवू शकत नाही, त्यांना साधे कोलिक अम्ल जीवदान देते. त्यास २०१५ साली मान्यता मिळाली. त्याच वर्षी डीऑक्सिकोलिक अम्लाची सुई हनुवटीखालील चरबी विरघळविण्यासाठी मान्य झाली, आणि शौकीन मंडळींची सोय झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पित्ताम्लांच्या सांगाड्यास दुसरे गट जोडून जंतुनाशक द्रव्ये करण्याचे प्रयोग ह्या शतकाच्या आरंभी झाले आहेत.

एक धोक्याची सूचना येथे दिली पाहिजे. पित्त औषधी आहे म्हणून कोणतेही पित्त कोणी गिळू नये. रोहू किंवा कटला ह्या माशांचे कच्चे पित्ताशय औषध म्हणून गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे बंगालच्या बाजूस वैद्यांनी नोंदली आहेत. ह्या माशांच्या कुळात पित्ताम्लांऐवजी पित्तमद्ये असतात, व ती माणसास विषारी. कोणत्या प्राण्याच्या पित्तात काय असते ह्याचा जन्मभर अभ्यास करणारे लंडनचे हॅझलवुड ह्यांनी पित्तावरून प्राण्यांची वंशावळही लावता येते असे दाखविले. मासळी साफ करणाऱ्या बाईचे दोन बोटांचे कसब केवळ चवीपुरते नाही.

आणि ज्याच्या नावाने औषध चालते त्या अस्वलाचे काय झाले? कारखान्यात ते अम्ल बैलाच्या व म्हशीच्या पित्तापासून होऊ लागले तेव्हा अस्वलाची सुटका व्हावयास हवी होती. झाले उलटेच. आशियाई काळ्या अस्वलाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७९ पासून बंद आहे. पण १९८० नंतर प्रथम उत्तर कोरियात आणि मग चीनमध्ये, अस्वले पिंजऱ्यात ठेवून पोटास छिद्र पाडून रोज पित्त काढण्याचे व्यवसाय निघाले. तेथून ते व्हिएतनामपर्यंत पसरले. वन्य अस्वले मारली जाऊ नयेत म्हणून हा उपाय, असे त्याचे समर्थन केले जाई. आपल्याकडे अस्वलांना १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. तरीही पित्ताशयासाठी हिमालयात त्यांची चोरटी शिकार होते. रासायनिक दृष्ट्या गोळीतील अम्ल आणि पिंजऱ्यातील अस्वलाचे अम्ल ह्यांत तसूभरही फरक नाही. गिऱ्हाईक म्हणते, रानातले ते रानातले. गेल्या काही वर्षांत चीनमधीलच रसायनशास्त्रज्ञांनी बैलालाही हात न लावता, वनस्पतिजन्य स्टेरॉलपासून हे अम्ल करण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या आहेत.